ऑनलाइन कॅसिनोची सुरक्षा: परवान्यापासून पासवर्डपर्यंत

म्युनिकच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रंगकामाचा व्यवसाय करणाऱ्या एका इसमाला २,१०० युरो दंड केला आणि त्याच्या बँक खात्यातील ६३,४९० युरो जप्त केले. २०११ च्या उन्हाळ्यात तो एका परदेशी संकेतस्थळावर ब्लॅकजॅक खेळला होता. त्याने कोणाला फसवले नव्हते. मात्र त्या खेळाला जर्मनीत परवानगी नव्हती. नामवंत व्यक्ती जाहिरात करतात म्हणून खेळ वैध ठरत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. ऑनलाइन कॅसिनोच्या सुरक्षिततेचा विचार संगणकाच्या आधी परवान्यापासून का सुरू होतो, हे या निकालावरून ध्यानात येते.

त्यानंतर जर्मनीतील चौकट बदलली. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या आंतरराज्य करारानुसार आभासी स्लॉट खेळ आणि ऑनलाइन पोकर यांना परवाना मिळू शकतो. रूले, ब्लॅकजॅक यांसारख्या खेळांचा निर्णय राज्यांकडे आहे. हाले येथील संयुक्त जुगार नियामक संस्था परवानाधारकांची अधिकृत यादी प्रसिद्ध करते.

परवानाधारक कंपनीला खेळाडूची ओळख पडताळावी लागते. पैसे खेळाडूच्या स्वतःच्या नावावरील खात्यातूनच यावे लागतात. ही अट जाचक वाटली, तरी चोरलेले कार्ड वापरणाऱ्याची वाट तिथेच अडते आणि काळा पैसा खेळातून फिरवून पांढरा करणेही अवघड होते. संशयास्पद व्यवहारांची माहिती केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला देणे कंपनीवर बंधनकारक आहे.

याखेरीज ‘लुगास’ ही मध्यवर्ती प्रणाली सर्व कंपन्यांमधील भरण्याची बेरीज ठेवते. साधारण मर्यादा महिन्याला १,००० युरो आहे. एकाच वेळी दोन संकेतस्थळांवर खेळता येत नाही. ‘ओएसिस’ या नोंदवहीत बंदी घातलेल्या खेळाडूंची नावे असतात आणि खेळण्यापूर्वी तिची तपासणी होते. एक कळ दाबून २४ तासांची बंदी स्वतःवर घालून घेण्याचीही सोय आहे. या उपायांचा मूळ हेतू व्यसनाला आवर घालणे हा असला, तरी खाते चोरांच्या हाती गेल्यास होणाऱ्या नुकसानीलाही त्यामुळे सीमा पडते.

चोरांची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे अन्यत्र फुटलेले पासवर्ड यंत्राद्वारे हजारो खात्यांवर लावून पाहणे. त्यावर कॅसिनो दुहेरी पडताळणीचा पर्याय देतात, अनोळखी उपकरणावरून झालेला प्रवेश रोखून धरतात आणि पैसे काढण्याची सवय अचानक बदलल्यास व्यवहार थांबवतात. दुसरा धोका खंडणीचा. महत्त्वाच्या सामन्याच्या वेळी संकेतस्थळावर खोट्या मागण्यांचा पूर आणून ते बंद पाडण्याची धमकी दिली जाते. त्यासाठी येणारी रहदारी गाळून घेणाऱ्या सेवा वापरल्या जातात. पोकरमध्ये संगनमताने किंवा यंत्राकडून खेळणाऱ्यांना पकडण्यासाठी डावांच्या नोंदी तपासल्या जातात.

एवढी तटबंदी असूनही भिंतीला भगदाड पडते, ते बहुधा माणसामुळे किंवा पुरवठादारामुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम आणि सीझर्स या कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यांत विश्वास संपादन करून केलेल्या फसवणुकीचा मोठा वाटा होता. एमजीएमने स्वतःच या नुकसानीचा अंदाज सुमारे १० कोटी डॉलर सांगितला. मार्च २०२५ मध्ये सुरक्षा संशोधक लिलिथ विटमन यांनी उघड केलेले प्रकरण जर्मनीतलेच आहे. मर्कूर समूहाच्या ऑनलाइन कॅसिनोंना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या माल्टास्थित कंपनीच्या प्रणालीतील त्रुटीमुळे खेळाडूंची नावे, भरणे आणि पडताळणीची माहिती बाहेरच्यांना पाहता येत होती. ओळख तपासण्यासाठी गोळा केलेली कागदपत्रेच अशा वेळी जोखीम बनतात. नियमन जितके कडक, तितका संवेदनशील माहितीचा साठा मोठा. त्याची राखण हीच आता खरी कसोटी आहे.

म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी व्यावसायिकांसाठी यातून काही गोष्टी निघतात. खाते उघडण्यापूर्वी कंपनीचे नाव हाले येथील संस्थेच्या यादीत पाहावे. पासपोर्टची प्रत ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर मागितली गेल्यास देऊ नये. पासवर्ड स्वतंत्र ठेवावा आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी. भारतातील ओळखीच्यांकडून आलेल्या ॲपच्या दुव्यांबाबत अधिक सावध राहावे; पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. फसवणूक झालीच, तर आधी बँकेला कळवून व्यवहार थांबवावा आणि मग पोलिसांत तक्रार नोंदवावी. बव्हेरियातील मोठ्या सायबर गुन्ह्यांसाठी बाम्बर्ग येथे विशेष अभियोक्ता केंद्र आहे.

परवानाधारक कंपनीकडून चूक झाल्यास दाद मागायला नियामक असतो. विनापरवाना संकेतस्थळावर बुडालेल्या पैशांमागे धावताना मात्र खेळाडूलाच आपल्या खेळाचा जाब द्यावा लागू शकतो.