मूल्यं मोजायची म्हणजे काय करायचं?

‘आजकालच्या पोरांना मूल्यंच राहिली नाहीत’, हे धुळ्याच्या देवपुरात चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. अभ्यासकांनी मूल्यांचं जे मोजमाप केलं आहे, त्यापुढे हे विधान टिकत नाही.

गैरसमज : नव्या पिढीला मूल्यं नाहीत.
वस्तुस्थिती : शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूल्यांची मांडणी केली. सुरक्षितता, परंपरा, स्वयंनिर्णय, कर्तृत्व, आपल्या माणसांचं हित ही त्यांतली काही. जवळपास सगळ्या समाजांत ती आढळतात. वेगळा असतो तो अग्रक्रम. मुलगी पुण्याला शिकायला जायचं म्हणते, वडील म्हणतात, ‘इथंच कॉलेज आहे ना!’ तिच्या लेखी स्वयंनिर्णय आधी, त्यांच्या लेखी सुरक्षितता. मूल्यं दोघांकडेही आहेत.

गैरसमज : मूल्यं मोजणं म्हणजे माणसाला चांगला-वाईट ठरवणं.
वस्तुस्थिती : माणसानं कसं वागावं, हा प्रश्न वेगळा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली; त्या प्रवचनांचा विषय तो होता. सर्वेक्षण एवढंच विचारतं, की तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?

गैरसमज : प्रश्नावली कोणतीही घ्या, उत्तर तेच.
वस्तुस्थिती : मिल्टन रोकीच अठरा-अठरा मूल्यांच्या दोन याद्या देऊन क्रम लावायला सांगत. तिथं दोन मूल्यांना एकच जागा देता येत नाही. श्वार्ट्झ यांच्या पद्धतीत प्रत्येक मूल्याला स्वतंत्र गुण मिळतात. पण काही जण सगळ्यांनाच भरघोस गुण देतात, म्हणून प्रत्येकाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करतात. रोनाल्ड इंगलहार्ट चार उद्दिष्टांतून दोन निवडायला सांगत : सुव्यवस्था, कारभारात लोकांचा वाटा, महागाईला आळा, भाषणस्वातंत्र्य. महागाई भडकली की लोक साहजिकच तिच्याकडे झुकतात. त्यामुळे बदललं ते मूल्य की बाजारभाव, हा आक्षेप या पद्धतीवर घेतला गेला.

गैरसमज : देशाची सरासरी म्हणजे प्रत्येकाचा स्वभाव.
वस्तुस्थिती : खेर्ट होफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरं वापरून देशांची तुलना केली. हे आकडे एकेका व्यक्तीला लावू नयेत, असं त्यांनीच बजावलं. भारताच्या आकड्यावरून देवपूरच्या दुकानदाराचं किंवा शिक्षिकेचं मन ओळखता येत नाही. ते जाणून घ्यायचं, तर प्रश्न इथल्याच माणसांना विचारायला हवेत, आणि ज्यांच्या घरात अहिराणी बोलतात त्यांना अहिराणीतून.