तारखांची वही

माझं माहेर मिरागावचं. आजोबांची खाजणातली भातशेती होती. 'तिसरा हिस्सा' हा शब्द घरात इतका रुळलेला, की तो एका कराराचा भाग आहे हे मला फार उशिरा कळलं. पिकलेल्या भाताचा तिसरा हिस्सा मोजून द्यावा लागायचा, असं आजी सांगायची. कशाबद्दल, तर खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाबद्दल.

त्या कराराचा कागद १८७० सालचा. ब्रिटिश सरकारने भाईंदर, मिरा आणि घोडबंदर ही गावं रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खारं पाणी अडवायचं, जमीन लागवडीखाली ठेवायची आणि त्या मोबदल्यात पिकात वाटा घ्यायचा, असा त्याचा गाभा. कागदावरची मुदत संपते २८६९ साली. मध्ये स्वातंत्र्य आलं, १९५१ साली साष्टीतल्या जुन्या इस्टेटींची महसूलमाफी कायद्याने रद्द झाली, आणि मग त्या पट्ट्यातले कोणते हक्क उरले आणि कोणते गेले यावर पुढे कित्येक दशकं वाद चालले. आज इथे जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासणाऱ्या वकिलाला हा इतिहास ठाऊक असावाच लागतो.

मी बत्तीस वर्षं एका मोठ्या सार्वजनिक उपक्रमाच्या मालमत्ता आणि कंत्राट शाखेत काम केलं. भाईंदरहून सकाळची लोकल पकडायची आणि संध्याकाळी परत. उपक्रमाचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते जमिनी, इमारती आणि ठेके सांभाळणाऱ्या कुठल्याही सरकारी मालकाला लागू पडतं. नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, सार्वजनिक जमीन जाते ती कुणीतरी लबाडीने घेतो म्हणून. पहिल्या पाच वर्षांतच कळलं की बहुतेक वेळा ती कुणी घेतही नाही. एक तारीख उलटते, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती हातातून सुटते.

आमच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर तीन गाळे होते. दहा वर्षांचा भाडेपट्टा होता, तो ३१ मार्चला संपला. नोटीस गेली नव्हती, कारण ज्या कारकुनाकडे ती फाइल होती त्याची बदली झाली होती आणि फाइल कपाटातच राहिली होती. एप्रिलमध्ये एक गाळेधारक नेहमीप्रमाणे भाडं घेऊन आला. रोखपालाने पैसे घेतले आणि पावती फाडली. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ११६ असं, की मुदत संपल्यावर भाडेकरू जागेत राहिला आणि मालकाने भाडं स्वीकारलं, तर उलट काही ठरलेलं नसेल तेव्हा पट्टा पुढे चालू झाला असं धरतात. धंद्याच्या जागेसाठी महिन्यामागे महिना. गाळेधारकाच्या वकिलाने ती एक पावती कोर्टात ठेवली. प्रकरण नऊ वर्षं चाललं आणि नऊ वर्षं भाडं जुन्याच दराने येत राहिलं.

त्या प्रकरणानंतर मी एक वही घातली. लाल कापडी बांधणीची, लांबट, जुन्या खतावणीसारखी. फायली नावाप्रमाणे लागतात. ही वही महिन्याप्रमाणे लावली. कुठल्या महिन्यात कोणता भाडेपट्टा संपतो, त्याच्या सहा महिने आधीच्या पानावर 'नोटीस काढणे'. लिफ्टच्या देखभालीचा करार, अग्निशमन यंत्रणेची तपासणी, इमारतीचा विमा आणि सगळ्यात महत्त्वाची बँक हमी. ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला तर भरपाई वसूल करायला आपल्या हातात असते ती ही हमी. पण तिच्यावर मुदत असते. मुदतीत बँकेकडे लेखी मागणी पोचली नाही, तर तो कागद रद्दीच. संगणक आले, तरी ती वही मी शेवटच्या दिवसापर्यंत ठेवली. निवृत्तीच्या आदल्या दिवशी ती माझ्या जागी येणाऱ्या मुलीच्या हातात दिली आणि दोन तास शेजारी बसून पान अन् पान समजावलं.

जमिनीचं घड्याळ वेगळं असतं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे सरकारला आपली जमीन परत मागायला तीस वर्षं मिळतात. सार्वजनिक उपक्रमाला मात्र खासगी मालकासारखी बाराच. नगरपालिकांना तीस वर्षांची सवलत आहे ती मुख्यतः सार्वजनिक रस्त्यांपुरती. बाकीच्या मोकळ्या जागेसाठी त्यांनाही बाराच वर्षं धरून चालावं लागतं. बारा वर्षांत कार्यालयात चार अधिकारी येऊन जातात. प्रत्येकाला वाटतं, आपल्या वेळेला तर ते पत्र्याचं शेड होतंच. म्हणून दसऱ्यानंतर, पाऊस ओसरून गवत वाळलं की आम्ही हद्दी फिरायचो. हातात भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, बरोबर शिपाई आणि टेप. हद्दीचा दगड जागेवर आहे का ते पाहायचं. दगड हलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

अतिक्रमण आधी ताडपत्रीचं असतं. मग पत्रा येतो, मग विजेचं मीटर, मग त्या पत्त्यावर रेशनकार्ड आणि मुलांच्या शाळेचे दाखले. ताडपत्री दिसली त्याच आठवड्यात जाऊन बोललं तर माणूस बहुतेक वेळा निमूट उठतो, त्यालाही दुसरीकडे सोय बघायला वेळ मिळतो. वीस वर्षं डोळेझाक करून मग एक दिवस पोलीस बंदोबस्तात बुलडोझर न्यायचा, याला मी कर्तव्य म्हणणार नाही. त्या घरातल्या मुलांचा काय दोष? केंद्राच्या उपक्रमांसाठी १९७१ चा बेदखलीचा कायदा आहे, महापालिकांना त्यांच्या अधिनियमाच्या कलम ८१-ब खाली तसाच अधिकार आहे. दोन्हींत आधी नोटीस आणि म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. हत्यार आहे, पण ते वेळेवर उचललं तरच माणुसकीने वापरता येतं.

आता ठेक्यांकडे येते. निविदा कशी निघते याबद्दल लोकांना फार उत्सुकता असते. जाहिरात, बयाणा रक्कम, तांत्रिक लिफाफा, मग दराचा लिफाफा, सगळ्यात कमी दराचा पात्र ठेकेदार, कार्यादेश. हे सगळं आता ऑनलाइन होतं आणि कुणालाही पाहता येतं. पण कार्यादेशावर सही झाली की सगळ्यांचं लक्ष उडतं, आणि खरं काम तर तिथून सुरू होतं. एका वर्षी मे महिन्यात आमच्या एका गच्चीचं जलरोधन झालं. देयकात क्षेत्रफळ होतं बाराशे चौरस मीटर. मी त्या गच्चीवर चढून टेप धरायला लावली, तर भरलं नऊशे साठ. मोजमाप पुस्तिकेवर कनिष्ठ अभियंत्याची सही होती; त्याने नकाशावरून आकडा उतरवला होता आणि जिन्याची खोली, पाण्याच्या टाक्या वजाच केल्या नव्हत्या. लबाडी नसेलही. पण ती गच्ची कुणी मोजलीच नसती तर पैसे गेलेच असते.

साफसफाईच्या ठेक्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. चौदा बायका होत्या, पहाटे पाचला यायच्या. एक दिवस त्यातली एक म्हणाली, "मॅडम, फंडाचे पैसे कापतात, पण मोबाइलवर मेसेज येत नाय." मी ठेकेदाराने देयकासोबत जोडलेली भविष्य निर्वाह निधीची चलनं काढून एकापुढे एक मांडली. तीन महिने एकाच चलनाची छायाप्रत लागली होती, फक्त वरचा महिना बदललेला. तीन महिने आमच्याच शाखेने ती देयकं मंजूर केली होती, त्यातल्या एकावर माझी सही होती. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. आम्ही पुढचं देयक थांबवलं, अनामतीतून फंड भरायला लावला. त्यानंतर मी एक रीत पाडली: देयकावर सही करण्यापूर्वी त्या महिन्याच्या यादीतल्या कुठल्याही दोन बायकांना बोलावून विचारायचं, पगार झाला का, किती झाला. पाच मिनिटांचं काम. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या ठेक्यात सगळ्यात शेवटच्या माणसाला त्याचा पगार पोचला की नाही हे पाहणं, ही माझ्या लेखी या नोकरीतली पहिली जबाबदारी.

निवृत्त झाल्यावर मी आपल्याच शहराकडे या नजरेने पाहायला लागले. मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली १२ जून १९८५ ला, पाच ग्रामपंचायती एकत्र येऊन. मग उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे या पट्ट्यातली गावं जोडली गेली, आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. प्रत्येक विलीनीकरणात पंचायतींच्या विहिरी, शाळा, तलाव, स्मशानं, समाजमंदिरं एका नोंदवहीतून दुसऱ्या नोंदवहीत गेली. त्यावर विकास आराखड्यातली आरक्षणं आली: उद्यान, शाळा, बाजार. काही जागा भूसंपादनाने मिळतात, काही बिल्डरने चटईक्षेत्राच्या बदल्यात बांधून द्यायच्या असतात. दहिसर चेकनाक्याजवळचं लता मंगेशकर नाट्यगृह अशाच प्रकारे शहराला मिळालं. अशी प्रत्येक जागा खऱ्या अर्थाने शहराची होते ती ताबापावती झाली, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर महापालिकेचं नाव चढलं, तेव्हा. फीत कापणं हा कायदेशीर पुरावा नव्हे.

शिवाय या शहरात मालक एक नाही. मिठागरांच्या बऱ्याच जमिनी केंद्राच्या मीठ आयुक्तांच्या अखत्यारीत, त्यांचं मुख्यालय जयपूरला. रेल्वेची हद्द वेगळी, कांदळवनं वन विभागाची. घोडबंदरचा किल्ला, जो १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, तो राज्य संरक्षित स्मारक आहे. भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय महापालिकेने बांधलं आणि चालवण्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाकडे सोपवलं. मालक एक, चालवणारा दुसरा, अशा व्यवस्थेत लिफ्ट कुणी दुरुस्त करायची आणि वीजबिल कुणी भरायचं हे करारात शब्दाशब्दाने लिहिलेलं असावं लागतं. १८७० च्या पट्ट्याबद्दलही मला हाच प्रश्न पडतो. बांध फुटला की कुणी, किती दिवसांत बांधायचा? खाडी काही ९९९ वर्षं थांबणार नव्हती.

महापालिकेला आपली मिळकत भाड्याने देताना चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही, असं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ सांगतं. २०१९ साली राज्याने भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचे नियम काढले, तेव्हा बाजारमूल्याच्या किमान आठ टक्के वार्षिक भाडं ठरलं. गावोगावचे गाळेधारक रस्त्यावर आले आणि २०२३ मध्ये तो दर बराच खाली आणला गेला. मला दोन्ही बाजू समजतात. आठ टक्के छोट्या दुकानदाराला झेपणारे नव्हते. पण वीस-पंचवीस वर्षं भाडं न वाढवता एकदम बाजारभाव मागायची पाळी आली, हे दर तीन-पाच वर्षांनी थोडी थोडी वाढ करायला विसरल्याचं फळ होतं.

हे पाहायचं कुणी? ठरावीक रकमेपुढचे ठेके स्थायी समितीपुढे आणि मिळकतींचे मोठे व्यवहार महासभेपुढे जावेत, अशी कायद्याची रचना आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासकाच्या राजवटीत त्याच मंजुऱ्या एका सहीने होत राहिल्या. सही प्रामाणिक असली, तरी प्रश्न विचारणारे कमी झाले. नगरसेवक असोत वा नसोत, आपण विचारू शकतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ कार्यालयांना बरीच माहिती न मागता जाहीर करायला सांगतं. जी नसेल ती दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते.

माझी विनंती इतकीच आहे. आपल्या प्रभागातली एकच सार्वजनिक जागा निवडा. एखादं समाजमंदिर, मंडईतले गाळे, व्यायामशाळा, वाचनालय, कुठलीही. चार गोष्टी विचारा: जागा कागदावर कुणाच्या नावे आहे, ताबापावती कधीची, सध्या कुणाकडे आणि किती भाड्याने आहे, मुदत कधी संपते. उत्तर आलं की ती शेवटची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा, आणि त्याच्या सहा महिने आधी पुन्हा एक अर्ज करा.