अवकाशाच्या वाटेवरील ऐच्छिक विषय

अभियांत्रिकी महाविद्यालयात ऐच्छिक विषय निवडण्याची वेळ आली की, अवकाशविज्ञानाची ओढ असलेला विद्यार्थी ज्याच्या नावातच ‘अवकाश’ आहे असा विषय शोधू लागतो. तो न मिळाल्यास आपली वाट खुंटली असे समजून खट्टू होतो. वस्तुतः तसे मानण्याचे कारण नाही. आपले उपग्रह आणि अग्निबाण कोठे अडले हे पाहिले, म्हणजे कोणते विषय कामी येतात ते सहज कळते.

आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. परंतु काही दिवसांतच वीजपुरवठा बिघडून त्यावरील प्रयोग थांबले. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले, ते दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठी लागणारे नायट्रिक आम्ल सदोष झडपेतून गळून गेल्यामुळे. १८ जुलै १९८० रोजी त्याच बनावटीच्या अग्निबाणाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत पोहोचविला. नोव्हेंबर २००८ मध्ये चांद्रयान-१ अतिशय तापले, तेव्हा त्याची दिशा किंचित बदलून व काही उपकरणे बंद ठेवून ते थंड करावे लागले.

या तिन्ही प्रसंगी प्रश्न ग्रहताऱ्यांचा नव्हता. वीज, नियंत्रण आणि उष्णता यांचा होता. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, नियंत्रणप्रणाली व संदेशवहन यांना अग्रक्रम द्यावा. यांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्याने उष्णतासंक्रमण व कंपनशास्त्र यांचा पुढील अभ्यास करावा. संगणकाच्या विद्यार्थ्याने क्षणाचाही विलंब न लावता यंत्राला आज्ञा देणाऱ्या प्रणालींचा विषय घ्यावा. गणिताचा एखादा विषय तर सर्वांनीच घ्यावा. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अभियंताभरतीतही प्रामुख्याने याच तीन शाखांना स्थान असते.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या संस्थेत जागा मोजक्या असतात आणि इच्छुक पुष्कळ. निवड न झाली, तरी वरील विषय वाया जात नाहीत. वीजकेंद्रे, रेल्वे, मोटारींचे कारखाने यांनाही हेच ज्ञान हवे असते. तेव्हा मुलामुलींना विषयाचे नाव विचारण्याऐवजी, त्यात प्रत्यक्ष काय शिकवितात आणि प्रयोगशाळेत हाताने काय करावे लागते, हे विचारावे. निवडीचा अर्ज त्यानंतरच भरू द्यावा.