तेरा बाय दहा

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत कबड्डीचं मैदान तयार होताना पाहिलं, आणि सामन्यांपेक्षा ते कामच मनात घर करून बसलं. भात कापून मोकळं झालेलं खाचर. ढेकळं फोडून झाली, माती चाळून पसरली, पाणी मारलं, चोपली, चुन्याच्या रेषा आखल्या. ही सगळी कामं मंडळाच्या पोरांनी केली. शेवटचं काम मात्र एका काकांचं. साठी ओलांडलेली, पायात चप्पल नाही. ते मध्यरेषेपासून निदानरेषेपर्यंत चालत गेले, आणि चढाईपटू जिथे वळतो तिथे टाच दाबून गर्रकन फिरवली. टाचेला खडा लागला की वाकायचं, उचलायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. रेषेबाहेर भिरकावला तर पुन्हा कुणाच्या तरी पायाखाली येईल म्हणून खिशात.

"तेरा बाय दहा," ते म्हणाले. "टीव्हीवर बघता ना, ती मॅट पण तेवढीच. तेरा बाय दहा. इथला पोरगा तिथं गेला तर मैदान त्याला नवीन नाय."

खरंच आहे. पुरुषांचं क्रीडांगण 13 बाय 10 मीटर, चढाई तीस सेकंदांची, संघ सात जणांचा. वाडीत तेच आणि प्रो कबड्डीतही तेच. नियमांत मातीलाही जागा आहे आणि मॅटलाही. मग वाडीतल्या या हौशी स्पर्धांमधून तिकडचा खेळ वाढतो का? हे मला बघायचं होतं.

रात्री दिवे लागले. मुंबईहून चाकरमानी आले होते, बायका-पोरं बांधावर बसली होती, जनरेटरच्या डिझेलचा वास ओल्या मातीच्या वासात मिसळला होता. माझं लक्ष एका संघाच्या डाव्या कोपऱ्यावर खिळलं. महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा सडपातळ मुलगा. मातीवर वळताना चढाईपटूचा पाय वीतभर घसरतो. हा मुलगा पाय पडल्या पडल्या झेपावत नव्हता, घसरण संपण्याची वाट बघायचा आणि नेमका तेव्हा घोटा धरायचा. चार वेळा धरला, चारही वेळा सुटला नाही. एवढ्या संयमाची पकड शिकवायला इथे कुणी प्रशिक्षक नव्हता. दरवर्षीच्या याच स्पर्धांनी ती शिकवली होती.

प्रो कबड्डी 26 जुलै 2014 रोजी आठ संघांनिशी सुरू झाली. 2023च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये मोजले. आपल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला 2019 साली 1 कोटी 45 लाख मिळाले. पण काकांच्या पिढीला 'व्यावसायिक' म्हटलं की लिलाव आठवत नाही, नोकरी आठवते. मुंबईच्या स्पर्धांत व्यावसायिक गट असायचा तो कंपन्यांच्या, बँकांच्या, रेल्वेच्या संघांचा. गावच्या मैदानात चमकलेला पोरगा नातेवाइकाच्या खोलीवर राहायचा, एखाद्या मंडळातून खेळायचा आणि कंपनीच्या संघात लागला की घर सावरायचं. त्या वाटेवर वाडीची स्पर्धा ही पहिली पायरी होती, यात मला शंका नाही.

आजची वाट मात्र मध्येच तुटते. कोपऱ्यावरचा तो मुलगा मला म्हणाला, "मॅटवर पहिल्यांदा उभा राहिलो तो निवड चाचणीच्याच दिवशी. बूट मित्राचे. समोरचा वळला तेव्हा त्याचा पाय घसरलाच नाय, जाग्यावर फिरला. मी वाट बघत राहिलो." मातीने शिकवलेली त्याची सगळ्यात चांगली गोष्टच तिथे त्याच्या विरोधात गेली. चाचणी घेणाऱ्याला दिसला तो फक्त उशीर.

दुसरी गोष्ट खुद्द स्पर्धांची. रोख बक्षिसं वाढली तशी काही मंडळं एका रात्रीसाठी बाहेरचा चढाईपटू आणतात. त्याला मानधन मिळतं, चषक गावात राहतो, आणि वर्षभर सराव केलेला गावचा पोरगा राखीव म्हणून बाहेर बसतो. समालोचक त्या पाहुण्याच्या नावाचा गजर करत होता तेव्हा मला त्या राखीव पोरांकडे बघवत नव्हतं. अशा स्पर्धेने प्रेक्षक वाढतात, खेळाडू नाही.

आणि पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याशी मृगापासून या मैदानाचं पुन्हा खाचर होतं, चिखलणी होते, लावणी होते. लीगचे बरेचसे हंगाम नेमके पावसाळ्यातच सुरू झाले. म्हणजे पोरं टीव्हीवर कबड्डी बघतात तेव्हा त्यांच्याकडे खेळायला जमीन नसते. तो कोपऱ्यावरचा मुलगा तेव्हा शाळेच्या पडवीत जुनी गोधडी अंथरून धाकट्या भावाचा घोटा धरायचा सराव करतो.

सकाळी मंडळाची बैठक बसली. पुढच्या वर्षी पहिलं बक्षीस वाढवावं असं मुंबईकरांचं म्हणणं. मोठ्या रकमेने नावाजलेले संघ येतील. काकांनी ते ऐकून घेतलं आणि मॅटचा विषय काढला: बक्षीस आहे तेवढंच ठेवा, दोन वर्षांचे पैसे साठवा, मॅट घ्या आणि शाळेकडे छपराची जागा मागा. थोडा वाद झाला. कुणीतरी मलाही विचारलं. मी काकांच्या बाजूने बोललो, आणि बाहेरचे खेळाडू बंद करा हेही सांगितलं. त्यावर मात्र बैठकीत जोरात गलका झाला. मॅटचा ठराव गणपतीच्या बैठकीपर्यंत पुढे ढकलला गेला. तेव्हा सगळे चाकरमानी गावात असतात.