फुग्यात मावेल तेवढंच!

कॉमिक्स म्हटलं की डोळ्यासमोर चित्रं येतात. त्यामुळे 'कॉमिक्सचा लेखक' असं म्हटलं की समोरचा विचारतो, "त्यात लिहायचं काय असतं? चित्रकार चित्र काढतो, मधे मधे 'धडाम्', 'ढिशूम्' टाकलं की झालं!" होस्टेलमध्ये टिंकलच्या जुन्या अंकांपासून ॲस्टेरिक्सपर्यंत सगळं या रूममधून त्या रूममध्ये फिरत असतं, पण ते लिहिलं कोणी, हे कुणी बघत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

कॉमिक्सची गोष्ट चित्राच्या आधी कागदावर उतरते. सिनेमासारखीच तिचीही पटकथा असते. कुठल्या पानावर किती चौकटी, प्रत्येक चौकटीत काय दिसतं, कोण काय बोलतं, हे सगळं त्यात येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हे शीटवर चढण्याआधीचं डिझाईन. गंमत म्हणजे या लिखाणाचा खरा वाचक एकच, तो म्हणजे चित्रकार. बाकी जगाला ते कधी दिसतच नाही.

उदाहरणार्थ, आपल्या मेसवर कॉमिक्स करायचं ठरवलं, तर पटकथा साधारण अशी होईल:

चौकट १: मेसची लांबलचक रांग. शेवटी मन्या, हातात रिकामं ताट.
चौकट २: मन्या भाजीच्या भांड्यात डोकावतोय. चेहऱ्यावर आशा.
चौकट ३: भांड्याचा तळ. रश्श्यात एकच बटाटा.
मन्या: "काका, हा बटाटा कालपासून ओळखीचा वाटतोय!"

वाचायला सोपं वाटतं ना? पण नवीन लेखक हटकून असं लिहितो: 'चौकट १: मन्या धावत येतो, ताट उचलतो, रांगेत घुसतो आणि मार खातो.' हे चित्रकाराने काढायचं कसं? एका चौकटीत एकच क्षण मावतो. धावणारा मन्या हवा की मार खाणारा, ते लेखकालाच ठरवावं लागतं. कुठला क्षण दाखवायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हीच कॉमिक्स लिहिण्यातली निम्मी कला.

सोडून दिलेले क्षण जातात कुठे? दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत. समजा, एका चौकटीत उगारलेला हात आहे आणि पुढच्या चौकटीत गाल चोळणारा मुलगा. थप्पड कुठेही काढलेली नाही, तरी आपल्याला ऐकू येते! ती आपण वाचकांनीच मारलेली असते. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्स कसं चालतं हे समजावणारं एक अख्खं पुस्तक कॉमिक्समध्येच काढलं. त्यात त्याने या प्रकाराला 'क्लोजर' असं नाव दिलं आहे.

दुसरी अडचण शब्दांची. ॲलन मूर या ब्रिटिश लेखकाने एक जुना हिशेब सांगितला आहे: पानावर सहा चौकटी असतील तर एका चौकटीत जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१०. एका फुग्यात साधारण वीस-पंचवीस. त्यापेक्षा जास्त झाले की फुगा चित्रावर बसतो. या हिशेबाने तुम्ही वाचताय तो लेखच चार पानं खाईल. त्यात अमर चित्र कथेचा नेहमीचा अंक साधारण ३२ पानांचा. तेवढ्यात एखाद्या राजाचं जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं आयुष्य बसवायचं! शिवाय पान उलटण्याची जागाही सांभाळावी लागते. 'दारामागे कोण?' हा प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी हवा आणि उत्तर पान उलटल्यावर. नाहीतर वाचकाची नजर आधीच पलीकडच्या चित्रावर जाते आणि रहस्याचा पचका होतो.

पटकथा किती बारकाईने लिहायची, यावर मात्र दोन टोकं आहेत. मूरने 'वॉचमेन' (१९८६-८७) साठी चित्रकार डेव्ह गिबन्सला पाठवलेली पहिल्या अंकाची पटकथा शंभर टाईप केलेल्या पानांची होती. याउलट १९६० च्या दशकात मार्व्हलमध्ये स्टॅन ली थोडक्यात कथानक सांगायचा, जॅक कर्बीसारखा चित्रकार पूर्ण गोष्ट चित्रांत रचायचा आणि संवाद त्यानंतर भरले जायचे. १९६६ साली एका गोष्टीत कर्बीने कथानकात नसलेलं एक पात्रच स्वतःहून घालून पाठवलं. तोच पुढे गाजलेला सिल्व्हर सर्फर. आता सांगा, या पात्राचा लेखक कोण?

हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. बॅटमॅन १९३९ साली आला तेव्हापासून त्यावर एकच नाव छापलं जाई, चित्रकार बॉब केनचं. प्रत्यक्षात बॅटमॅनचा पोशाख कसा असावा हे सुचवणारा, त्याची पहिली गोष्ट लिहिणारा लेखक होता बिल फिंगर. तो १९७४ साली वारला. त्याचं नाव बॅटमॅनशी अधिकृतपणे जोडलं जायला २०१५ साल उजाडलं, म्हणजे मृत्यूनंतर तब्बल ४१ वर्षं. सुपरमॅन रचणारे सीगल आणि शुस्टर तर अवघे तेवीस वर्षांचे होते, आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. १९३८ साली त्यांनी १३० डॉलर्सला सगळे हक्क विकून टाकले. कंपनीने वार्षिक मानधन आणि नाव द्यायला १९७५ साल लागलं. ॲस्टेरिक्सच्या रेने गोसिनीने १९५६ साली लेखक-चित्रकारांच्या हक्कांची मागणी केली, तर त्याची नोकरीच गेली. तीन वर्षांनी त्याने आल्बेर युदेर्झोबरोबर ॲस्टेरिक्स सुरू केलं हा भाग वेगळा!

आपल्याकडे काय? अमर चित्र कथा १९६७ साली सुरू करणारे अनंत पै ऊर्फ अंकल पै हे मुंबईत केमिकल टेक्नॉलॉजी शिकलेले, म्हणजे जवळजवळ आपल्यातलेच! टिंकलमधला शिकारी शंभू लिहिला लुई फर्नांडिस यांनी आणि काढला वसंत हळबे यांनी. शंभूचे डोळे टोपीखाली कायम झाकलेले, तरी तो किती घाबरलाय हे आपल्याला बरोब्बर कळतं. हे श्रेय लेखकाचं की चित्रकाराचं, हे वेगळं काढताच येत नाही. मराठीत १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागलेला चिंटू हाही चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचाच. मोजक्या चौकटी, घरातलंच बोलणं, आणि रोज सकाळी नवीन विनोद. आपल्याला आठवड्याची एक असाइनमेंट वेळेवर होत नाही!

मराठीत लिहिताना एक फायदाही आहे. आपलं क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. "सर, मी सगळी जर्नल्स पूर्ण लिहून आणली..." इथे फुगा संपवा, आणि पुढच्या चौकटीत फक्त "...नाहीत." पंच आपोआप शेवटी पडतो. मात्र भाषा बोलण्यातलीच हवी. 'कृपया बाजूस व्हावे' लिहिलं तर फुगा फुटलाच म्हणून समजा. 'ए, सरक!' पुरे.

तेव्हा मित्रांनो, प्रत्येक विंगमध्ये वहीच्या मागच्या पानावर सरांची चित्रं काढणारा एक जण असतो, आणि रात्री दोन वाजता गोष्टी सांगून सगळ्यांना जागवणारा दुसरा. या दोघांनी एकत्र बसावं आणि चारच पानांपासून सुरुवात करावी. फक्त एक करा. पहिल्या पानावर दोघांचीही नावं लिहा, पहिल्याच दिवशी. बिल फिंगरसारखी ४१ वर्षं वाट कशाला बघायची?