बसलाय की बसतोय?

इंग्रजी समजून घेताना : लेखांक ९

एक मुलगा बाकावर बसलेला आहे. इंग्रजीत त्याच्याबद्दल वाक्य करायचं तर 'ही इज सिटिंग ऑन द बेंच' असं होईल. आता याचं मराठी करा. शाळेत पाठ केलेल्या कोष्टकाप्रमाणे बरेच विद्यार्थी लिहितात, 'तो बाकावर बसत आहे.' पण 'बसत आहे' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जो मुलगा येतो तो अजून बसलेला नसतो. गुडघे वाकलेत, टेकायचं बाकी आहे. घरात आपण म्हणतो, 'तो बसलाय.' तसंच 'बाळ झोपलंय', 'तिने निळी साडी नेसलीय', 'त्याने चष्मा लावलाय'. या सगळ्या ठिकाणी इंग्रजी आयएनजी लावतं : सिटिंग, स्लीपिंग, वेअरिंग.

मागच्या आठवड्यात साधा वर्तमानकाळ पाहिला. आज चालू काळ, म्हणजे 'बी' क्रियापद आणि आयएनजी यांची जोडी. 'क्रिया आत्ता चालू असेल तर आयएनजी लावा' ही शाळेतली व्याख्या खोटी नाही. पण ती इतकी अपुरी आहे की मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं मुलाखतीत नेमकी तिच्यामुळे अडखळतात, आणि समोरचा त्यांच्या बुद्धीवरच शंका घेतो. मला हे फार लागतं. म्हणून आज जरा खोलात जाऊ.

घटना कधी घडली हे काळ सांगतो. आयएनजी सांगतं ते वेगळंच : बोलणारा त्या घटनेकडे कुठून बघतोय. बर्नार्ड कॉम्री या भाषाशास्त्रज्ञाचं १९७६ साली आलेलं 'अ‍ॅस्पेक्ट' हे पुस्तक या विषयाचा पाया मानलं जातं. त्यातली मांडणी सोप्या शब्दांत अशी : घटनेकडे बाहेरून, आरंभापासून शेवटापर्यंत एकसंध बघता येतं, किंवा आत शिरून मधूनच बघता येतं. 'ही क्रॉस्ड द रोड' म्हणजे रस्ता ओलांडून झाला. 'ही वॉज क्रॉसिंग द रोड' म्हणजे आपण त्याच्याबरोबर रस्त्याच्या मध्यावर उभे आहोत आणि पलीकडची कड अजून यायची आहे. तो पोचला की नाही, हे वाक्य सांगतच नाही.

इथे मराठी आपल्या मदतीला येते. 'तो बुडत होता' यावरून तो बुडाला असं कुणी समजत नाही. 'पण कोळ्यांनी त्याला वर काढलं' असं पुढे बिनदिक्कत जोडता येतं. 'तो बुडाला' म्हटल्यावर मात्र ही सोय उरत नाही. इंग्रजीत 'वॉज ड्राउनिंग' आणि 'ड्राउन्ड' यांत हाच फरक आहे. पण 'तो चालत होता' म्हणजे थोडंतरी चालून झालंच. मग 'चालत होता'मधून 'चालला' निघतं आणि 'बुडत होता'मधून 'बुडाला' का निघत नाही? कारण बुडण्याला टोक आहे, चालण्याला नाही. झेनो वेंडलर यांनी १९५७ साली क्रियापदांचे चार गट पाडले, ते अशाच फरकांवरून : स्थिती, टोक नसलेली क्रिया, टोकाकडे जाणारी क्रिया आणि क्षणात घडणारी घटना.

आपलं घोडं अडतं ते यातल्या पहिल्या गटापाशी. स्थितीला आत-बाहेर नसतं. 'नो', 'बिलाँग', 'ओन' ही क्रियापदं घडत नाहीत, ती असतात. जे घडतच नाही त्याच्या मध्यात उभं कसं राहणार? म्हणून इंग्रजी 'आय अ‍ॅम नोइंग' म्हणत नाही. पण मराठीचा स्वभाव बघा. 'मला कळतंय', 'मला आठवतंय', 'तो डोंगर दिसतोय', 'आवाज ऐकू येतोय', 'मला वाटतंय पाऊस येईल.' मनाच्या आणि इंद्रियांच्या क्रियापदांना आपण सहज चालू रूप देतो, आणि 'मला वाटतं' व 'मला वाटतंय' यांतला बारीक फरकही राखतो. दुसऱ्यात आत्ताचेपणा जास्त आहे. असं मराठी डोक्यात असलेला मुलगा 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग', 'आय अ‍ॅम सीइंग दॅट हिल' म्हणतो, तेव्हा तो निष्काळजीपणा करत नसतो. आपल्या भाषेचा नियम तो प्रामाणिकपणे पाळत असतो. इंग्रजी त्याच जागी 'आय अंडरस्टँड' आणि 'आय कॅन सी' म्हणतं, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

निसीम इझिकेल (१९२४–२००४) हे मुंबईचे इंग्रजी कवी, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले. 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या त्यांच्या कवितेत निरोपसमारंभातलं एक भाषण आहे आणि त्यात पावलोपावली आयएनजी येतं. लोक ती वाचून हसतात. मला त्या बोलणाऱ्याची माया दिसते. त्याचं व्याकरण दुसऱ्या घरात वाढलंय, इतकंच.

बरं, इंग्रजीचं हे कुंपणही पक्कं नाही, आणि मला सगळ्यात मौज वाटते ती इथेच. स्थितीच्या क्रियापदाला आयएनजी लावलं की पुष्कळदा ते मोडत नाही, अर्थ बदलून घेतं. 'ही इज रूड' म्हणजे तो उद्धट आहे, स्वभावच तसा. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे तो आत्ता उद्धटपणा करतोय. एरवी बरा असेल. मराठीला इथे 'उद्धट' विशेषणाचं 'उद्धटपणा' नाम करून 'करणे' जोडावं लागतं, इंग्रजी ते एका 'बीइंग'वर भागवतं. 'आय हॅव अ ब्रदर' म्हणजे भाऊ आहे. 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' म्हणजे जेवतोय. 'शी लिव्ह्ज इन पुणे' म्हणजे ती पुण्याचीच; 'शी इज लिव्हिंग इन पुणे' म्हटलं की सध्यापुरती, पुढे कदाचित हलेल. मॅकडॉनल्ड्सच्या २००३ सालच्या घोषवाक्याने तर 'लव्ह'लाच आयएनजी लावलं : कायमच्या आवडीऐवजी तोंडात घास असतानाचं सुख.

उलट, क्रिया डोळ्यांदेखत होत असूनही इंग्रजी कधी कधी आयएनजी टाळतं. क्रिकेटचा समालोचक चेंडू टाकला जाताना साधा वर्तमानकाळ वापरतो, कारण ती घटना तो अथपासून इतिपर्यंत एका दमात सांगतो. दोन चेंडूंच्या मधे क्षेत्ररचना बदलत असेल तेव्हा मात्र आयएनजीकडे वळतो. वचन देतानाही 'आय प्रॉमिस'. मराठीतही मंत्री 'शपथ घेतो की' म्हणतात, 'शपथ घेत आहे की' नाही. शब्द उच्चारला की काम झालं. मध्यात उभं राहायला जागाच नाही.

हे रूप इंग्रजीत असं रुळलेलं पूर्वीपासून नव्हतं. जुन्या इंग्रजीत 'बी'बरोबर '-एंडे' प्रत्ययाचं रूप येई, आणि '-इंग' हा तेव्हा नाम करणारा प्रत्यय होता. 'ही वॉज ऑन हंटिंग' म्हणजे तो शिकारीवर होता, आपण 'तो कामावर आहे' म्हणतो तसा. पुढे 'ऑन'चा नुसता 'अ' उरला, मग तोही गळाला, आणि दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या. सन १६००च्या सुमाराच्या 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस राजपुत्राला काय वाचतोयस असं विचारतो ते साध्या वर्तमानकाळात. आज तसं विचारलं तर 'एरवी काय वाचतोस?' असा अर्थ होईल.

'घर बांधलं जातंय' याला अठराव्या शतकात 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. त्यातलं जुनं नाम ओळखू येतं का? 'घराचं बांधकाम चालू आहे' हीच ती रचना. 'इज बीइंग बिल्ट' हे आजचं रूप त्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलं, आणि रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकी लेखकाने १८७० सालच्या 'वर्ड्स अँड देअर यूझेस' या पुस्तकात त्यावर कडाडून टीका केली. आज ते रूप शाळेच्या पुस्तकात आहे. एका पिढीला जे अशुद्ध वाटलं त्याला पुढच्या पिढ्या मार्क देतात, हे 'अ‍ॅम नोइंग'वर लाल रेघ मारताना आठवलं तर रेघ मारणारा हात थोडा हलका पडेल.

आता पुन्हा बाकावरच्या मुलाकडे. बसण्याची क्रिया झाली आणि तिचा परिणाम टिकून आहे, असं मराठी बघते, म्हणून 'बसलाय'. इंग्रजी त्या टिकून राहण्यालाच क्रिया मानतं, म्हणून 'सिटिंग'. उत्तर इंग्लंडात मात्र लोक बोलताना सर्रास 'ही वॉज सॅट' म्हणतात, अगदी आपल्या 'बसला होता'सारखं. मग 'बसलाय'साठी 'ही हॅज सॅट' का चालत नाही? ते ऐकून तो मुलगा अजून बाकावर आहे की उठून गेला, हे इंग्रजी कानाला कळत नाही. पुढच्या आठवड्यात त्या 'हॅज'पासून सुरुवात करू.