सांदवाडीचे खत : शेण, तणस व पाला

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत घरामागे सांदवाडी नाही असे शेतकऱ्याचे घर विरळाच. बांबूचे कुंपण, त्यावर चढलेला वालाचा किंवा दोडक्याचा वेल, आत वांगी, मिरची, भेंडी व अंबाडी यांचे दोन-चार वाफे, असे तिचे रूप असते. धानाच्या बांधीवर आमचा शेतकरी जितके लक्ष देतो, त्याचा चौथा हिस्साही या तुकड्याच्या वाट्यास येत नाही. आणि तरी ताटातील भाजी पुष्कळदा येते ती येथूनच. बाजार लांब असलेल्या गावी सांदवाडी सुकली, म्हणजे मुलाबाळांचे व बाळंतिणीचे जेवण नुसत्या भातावर येते. म्हणून या तुकड्याच्या मातीविषयी दोन शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्याकडील हवामान मातीस फार कठोर आहे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उघड्या जमिनीतील सेंद्रिय अंश झपाट्याने नाहीसा होतो. पुढे चार महिन्यांत सुमारे ५० इंच पाऊस कोसळतो. तो उरलेला कस धुऊन नेतो व मातीचा वरचा थर दाबून घट्ट करतो. हेच ऊन व हाच पाऊस शेजारच्या जंगलासही सोसावा लागतो. परंतु तेथील माती भुसभुशीत व काळसर राहते. कारण उघड आहे. जंगलाची जमीन कधी उघडी नसते. गळलेला पाला तिला झाकतो, तोच कुजून तिचे अन्न होतो, आणि जनावरांची विष्ठा त्यात मिसळत असते. सांदवाडीत आपणांस करावयाचे आहे ते एवढेच.

आता आपण प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घालतो. त्यांतील नत्र धुरावाटे जाते व हाती केवळ राख राहते. जनावराच्या मूत्रात एकंदर नत्राचा जवळजवळ अर्धा भाग व पालाशाचा मोठा भाग असतो. ते कोठ्याच्या जमिनीत मुरून वाया जाते. अंगणातील पाला व धुऱ्यावरील काडीकचरा फाल्गुनात पेटवून देतो. उरलेसुरले शेण उकिरड्यावर उन्हापावसात पडून राहते. अशा रीतीने घरचे धन चहूकडून गळत असता, जमीन हलकी म्हणून आपण दैवास बोल लावतो!

या गळतीवरील उपाय नवा नाही. इंदूर येथील संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ पासून पुढे काही वर्षे प्रयोग करून शेतातील टाकाऊ पाला, शेण व मूत्र भिजलेली माती यांपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली, व १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची रीत काढली. तीच आज ‘नाडेप’ नावाने ओळखली जाते. तिचे मर्म असे की, १०० किलो शेणात पुष्कळ पालापाचोळा व कोरडी चाळलेली माती मिसळून सुमारे ३ टन खत मिळते. ज्यांच्या घरी एखादीच गाय आहे, त्यांना ही गोष्ट विशेष सोयीची होय.

टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. ते बांधणे न जमल्यास बांबूच्या तट्ट्यांचा कठडा करावा. जागा मात्र उंचवट्याची व सावलीची असावी. आपल्या पावसात खोल खड्डा पाण्याने भरतो व खत कुजण्याऐवजी नासते. प्रथम अर्धा फूट पाला, तणस व काडीकचरा पसरावा. त्यावर चार किलो शेण पाण्यात कालवून शिंपडावे, व वर कोठ्यातील मूत्र भिजलेल्या मातीचा पातळ थर द्यावा. असे थर रचीत जाऊन शेवटी माती व शेणाने लिंपावे. सागाची पाने चिवट असल्याने तोडून घालावीत. ओल सदैव राखावी. तीन-चार महिन्यांनी खत काळे, भुसभुशीत व दुर्गंधरहित झाले, म्हणजे ते तयार झाले असे समजावे. एकरी १० टन या मानाने गुंठ्यास २५० किलो खत पुरते.

कच्चे शेण मात्र कधीही घालू नये. एके वर्षी घाईने आम्ही ही चूक केली. मिरचीची रोपे पिवळी पडली व मुळांशी हुमणीच्या अळ्या सापडल्या. शिवाय कच्च्या खतातील रोगजंतू कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाण्याच्या भाजीवाटे पोटात जाण्याचे भय असते.

खत घातल्यावर जमीन उघडी ठेवू नये. रोपे वीतभर झाली की मधल्या जागेत तणस किंवा पाला चार बोटे जाड पसरावा. खोडापासून मात्र चार बोटे दूर ठेवावा, नाहीतर खोड कुजते. यायोगे उन्हाळ्यात ओल टिकते, तण दबते व पावसाचा मार मातीस लागत नाही. कोरडे तणस मातीत पुरू नये; ते कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेते. पावसाळ्यात थर पातळ करावा. वाळवी दिसल्यास थर हलवून पाहावा. आणि आच्छादनाखाली विंचू-साप दडतात, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पाल्यासाठी जंगलात जाऊ नये. मोह व तेंदू यांसाठी पहाटे गेलेली किती माणसे या दोन जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यात दगावली, हे वाचकांस ठाऊकच आहे. खाली वाकून पाला गोळा करणाऱ्यास तर मागचे काहीच दिसत नाही. शिवाय जंगलचा पाला हे जंगलाचेच खत आहे. ते झाडून आणिले तर त्याची जमीन आपल्या जमिनीसारखीच उघडी पडेल. अंगणातील, धुऱ्यावरील व बांधीतील काडीकचरा न जाळता जपला, तर घरच्या वाडीस पुष्कळ आहे.

येत्या फाल्गुनात काडी ओढण्यापूर्वी आमच्या बंधूंनी क्षणभर थांबावे, व तो ढीग पेटविण्याऐवजी कोठ्यामागे रचावा. मृगाच्या सरी येतील तेव्हा सांदवाडीस घालण्यास खत घरीच तयार असेल, आणि त्यासाठी एक पैही खर्चावी लागणार नाही.